नजरे-सानी : पूर्ण झालेल्या चित्राकडे परत जाताना

उर्दूत एक सुंदर शब्द आहे, नजरे-सानी. सानी म्हणजे दुसरा. लिहून झालेल्या मजकुरावर लिहिणाऱ्याने स्वतःच टाकलेली दुसरी नजर. शागिर्द आपली गझल इस्लाहसाठी उस्तादाकडे नेतो, तेव्हा चूक दुसरा कोणी दाखवतो. नजरे-सानीत उस्तादही आपणच आणि शागिर्दही आपणच, म्हणून ती जास्त अवघड. मिर्झा गालिब यांनी ही नजर किती कठोरपणे टाकली, हे प्रसिद्ध आहे. 1841 मध्ये त्यांचा उर्दू दीवान छापला गेला, तेव्हा तरुणपणातल्या शायरीचा मोठा भाग त्यांनी स्वतःच बाजूला काढलेला होता. पुढे त्यांच्या तरुणपणातले, 1821 चे एक हस्तलिखित भोपाळला सापडले आणि 1921 मध्ये ‘नुस्खा-ए-हमीदिया’ या नावाने छापून आले. कवीने नाकारलेले शेर अशा रीतीने शंभर वर्षांनी वाचकांच्या हाती पडले आणि त्यांतले कितीतरी लोकांना आवडले.

कवीने खोडलेले असे सापडू शकते. चित्रकाराचे काय? पूर्ण झालेल्या तैलचित्रावर त्याने पुन्हा रंग चढवला की पहिले चित्र खाली गाडले जाते. शिवाय निसर्गचित्रकाराची अडचण दुहेरी. ज्या संध्याकाळी त्याने ते शेत, ते पाणी, ते आभाळ रंगवले, ती संध्याकाळ संपलेली असते. परत ब्रश हातात घेताना समोर शेत नसते, फक्त चित्र असते. मग तो दुरुस्ती कशाच्या आधारावर करतो? निसर्गाच्या, आठवणीच्या की त्या चित्राच्याच?

जवस, करडई आणि काळी माती

आधी तैलरंग म्हणजे काय ते पाहू, कारण ही सोय त्याच माध्यमात आहे. पाण्याच्या रंगात कागद फार सोसत नाही. आमच्या वर्गातली मुले आभाळावर तिसऱ्यांदा ओला ब्रश फिरवतात आणि कागदाचा लगदा निघू लागतो. तैलरंगाचे तसे नाही. रंगाची भुकटी ज्या तेलात घोटतात ते मुख्यतः जवसाचे तेल. आपल्या मराठवाड्यात जवसाची चटणी भाकरीबरोबर खाणाऱ्यांना हे सांगितले की नवल वाटते. पांढऱ्या रंगासाठी बऱ्याचदा करडईचे तेल वापरतात, कारण ते जवसाच्या तेलाइतके पिवळे पडत नाही. करडई तर आपल्या परभणीची ओळखच. येथील कृषी विद्यापीठाने काढलेल्या एका वाणाचे नावच ‘परभणी कुसुम’ आहे.

ही तेले पाण्यासारखी उडून जात नाहीत. हवेतला प्राणवायू घेऊन ती हळूहळू घट्ट होतात आणि त्यांचा चिवट पापुद्रा बनतो. वरून हात लावण्याइतका रंग काही दिवसांत किंवा एक-दोन आठवड्यांत सुकतो. आतून पुरता सुकायला कित्येक महिने, जाड थराला वर्षही लागते. म्हणून चित्रकाराला थांबून विचार करायला वेळ मिळतो आणि सुकलेल्या थरावर नवा थर देता येतो.

पण त्याचा एक नियम आहे. खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा हवा. उलटे केले तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला तडे जातात. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला भेगा का पडतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. जुन्या चित्रावर काम करताना आधी धूळ पुसतात, रंगाचे उंचवटे हलक्या हाताने घासतात, मग तेलाचा अगदी पातळ हात देऊन फिके पडलेले रंग जागे करतात. त्यानंतरच नवा रंग. एवढे करूनही जुने चित्र पूर्ण मरत नाही. तैलरंगाचा थर वर्षांनुवर्षे थोडा थोडा पारदर्शक होत जातो आणि झाकलेले झाड किंवा सरकवलेले क्षितिज पुसटसे वर येते. अशा खुणेला इटालियन भाषेत ‘पेंटिमेंटो’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे पश्चात्ताप.

लाल रंगाचा एक ठिपका

आता तीन प्रसंग पाहू. पहिला लंडनचा, सन 1832. तेथील रॉयल अकादमीच्या वार्षिक प्रदर्शनात चित्रे भिंतीवर लागल्यानंतर, लोकांना आत सोडण्यापूर्वी, चित्रकारांना वॉर्निश देण्यासाठी काही दिवस मिळत. जॉन कॉन्स्टेबल यांचे वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचे चित्र तेथे होते. पूल खुला झाला 1817 मध्ये. म्हणजे ते चित्र प्रदर्शनात यायला पंधरा वर्षे लागली, आणि भिंतीवर लागल्यावरही कॉन्स्टेबल नावांवरचे आणि निशाणांवरचे लाल रंग उजळत उभे होते. शेजारी जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांचे करड्या समुद्राचे चित्र. टर्नर आले, दोन्ही चित्रांकडे पाहिले, आपल्या समुद्रावर नाण्यापेक्षा थोडा मोठा लाल ठिपका लावला आणि एक शब्दही न बोलता निघून गेले. त्या एका ठिपक्यापुढे कॉन्स्टेबल यांचे सगळे लाल फिके दिसू लागले. दीडेक दिवसाने टर्नर परत आले आणि त्या ठिपक्याला आकार देऊन त्याचा पाण्यावर तरंगणारा बोया केला.

तो बोया समुद्रात होता म्हणून चित्रात आला नाही. चित्राला लाल हवा होता. बोया नंतर आला. येथे दुसरी नजर निसर्गाकडे वळलीच नाही, ती सरळ चित्राकडे गेली.

डोळेच बदलले तर?

दुसरा प्रसंग फ्रान्समधल्या क्लोद मोने यांचा. त्यांची गोष्ट उलटी आहे. त्यांचा निसर्ग दाराबाहेरच होता. जिव्हर्नी गावातल्या घराजवळ त्यांनी स्वतः तळे खोदून घेतले, त्यात कमळे लावली आणि आयुष्याची शेवटची तीस वर्षे मुख्यतः तेच रंगवले. शंका आली की उठून पाहून यावे, इतके जवळ. तरी चित्र संपेना. 1908 मध्ये प्रदर्शन तोंडावर असताना त्यांनी आपले कितीतरी कॅनव्हास स्वतःच्या हाताने नष्ट केले. प्रदर्शन पुढच्या वर्षी भरले. 1912 मध्ये डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. रंग पिवळट, तांबूस दिसू लागले. 1923 मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि मग आधी केलेली चित्रे पाहून ते अस्वस्थ झाले. काही पुन्हा रंगवली, काही फाडली.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, 1918 मध्ये, त्यांनी कमळांची मोठी चित्रे देशाला देऊ केली होती. ती हातावेगळी मात्र होईनात. 5 डिसेंबर 1926 रोजी ते वारले आणि मे 1927 मध्ये पॅरिसच्या ऑरेंजरीत ती लागली. ते हयात असेपर्यंत एकही फलक त्यांच्या चित्रशाळेतून कायमचा बाहेर गेला नाही. तळे तेच होते, माणूसही तोच. बदलली होती नजर. दरवर्षी नवे डोळे घेऊन जुन्या चित्रापुढे उभा राहणारा माणूस ‘झाले’ कधी म्हणणार?

पुन्हा त्यावर की पुन्हा नव्याने?

तिसरा आपल्या महाराष्ट्रातला. कोल्हापूरचे आबालाल रहिमान. त्यांच्या घराण्यात कुरआनच्या हस्तलिखित प्रती सजवण्याचे काम चालत असे, असे सांगतात. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले आणि परत कोल्हापूरला आले. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. मोठ्या शहरातली कीर्ती सोडून हा माणूस कोटितीर्थ तलावाच्या परिसरात फकिरासारखा राहिला आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ अशी गावाभोवतीची जागा रंगवत राहिला.

आबालाल यांची रीत मला महत्त्वाची वाटते. तीच जागा पुन्हा रंगवावीशी वाटली तर ते नवे चित्र करीत. सकाळचे पाणी एका चित्रात, सांजेचे दुसऱ्यात. त्यामुळे कालची नजर आणि आजची नजर दोन्ही शिल्लक राहतात. बघणाऱ्याला दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. पण या गोष्टीचा शेवट चटका लावतो. 6 मे 1922 रोजी शाहू महाराज वारले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, अशी कथा कोल्हापुरात आजही सांगितली जाते. 1931 मध्ये ते स्वतः गेले. जी थोडी चित्रे वाचली त्यांतली काही कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पाहायला मिळतात. मुलांना घेऊन कोल्हापूरला जाणार असाल तर ती जरूर दाखवा.

आपल्या घरातल्या चित्रकारासाठी

आता अनेक घरांत मुले-मुली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षांना बसतात. काही जण पुढे हौसेने तैलरंगाकडे वळतात. आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो : “झाले ना चित्र? मग परत का खरडतेस?” दुसरीकडे शाळेत आम्ही स्वच्छ प्रत मागतो, खाडाखोड नको म्हणतो. दोन्हीकडून मुलाला एकच धडा मिळतो, की परत जाणे म्हणजे चूक कबूल करणे. वरच्या तिघांकडे पाहिले तर परत जाण्याची कारणे याहून बरीच वेगळी आहेत.

तरीही परत जाण्याची किंमत असते. पहिल्या हातात जो ताजेपणा असतो, तो दहाव्या हातात राहीलच असे नाही. म्हणून काही साध्या गोष्टी सांभाळाव्यात. चित्र झाले की ते भिंतीकडे तोंड करून महिनाभर ठेवावे. मग ते आरशात पाहावे; उलटे दिसले की कललेले झाड आणि जड झालेला कोपरा लगेच कळतो. हात लावण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा. गालिब यांचे हस्तलिखित नशिबाने वाचले, आपण नशिबावर का सोडावे? एका बैठकीत एकच जागा बदलावी आणि ती कोरडी झाल्यावर पुन्हा पूर्ण चित्र पाहावे. तेलाचा नियम मोडू नये. आणि बदल दोनपेक्षा जास्त जागी हवेत असे वाटले, तर आबालाल यांच्यासारखा नवा कॅनव्हास घ्यावा. त्यात नुकसान फक्त कापडाचे आणि रंगाचे.

मुलगी तासभर चित्रासमोर नुसती बसली असेल तर तिला हटकू नये. ती काम करते आहे. नजरे-सानीत हाताचे काम थोडे आणि सब्राचे जास्त.

शेवटी फ्रान्सच्याच पिएर बोनार यांच्याविषयी. ते आठवणीतून रंगवत. खिशातल्या रोजनिशीत दररोजचे हवामान टिपून ठेवत, एखादे छोटे रेखाटन करत आणि घरी येऊन त्यावरून चित्र करत. बागेत बसलेल्या दोघींचे 1923 मध्ये थांबवलेले चित्र त्यांनी वीस वर्षांहून जास्त काळाने, 1945 मध्ये, पुन्हा हाती घेतले. संग्रहालयात लागलेल्या स्वतःच्या चित्रालाही ते गुपचूप रंग लावत आणि तेवढा वेळ मित्र पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवून ठेवी, अशी गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात.

जानेवारी 1947 मध्ये ते अंथरुणाला खिळले होते. खिडकीबाहेरच्या फुललेल्या बदामाच्या झाडाचे त्यांचे शेवटचे चित्र पूर्ण झालेले होते. पण खाली डाव्या कोपऱ्यातली हिरवी जमीन त्यांना पटेना. तेथे पिवळा हवा, असे त्यांचे म्हणणे. हातात ब्रश धरण्याची ताकद उरली नव्हती. त्यांनी भाच्याला बोलावले आणि त्याच्याकडून त्या हिरव्यावर पिवळा रंग लावून घेतला. काही दिवसांनी, 23 जानेवारीला, ते वारले. ते चित्र आज फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. कोपऱ्यात पिवळा आहे.