रानात नेण्याची सुरी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की शाळाशाळांतून शिबिरांचे बेत सुरू होतात. सामानाची यादी निघते. तांदूळ, डाळ, दोर, घोंगडी, विजेरी, आणि शेवटी कुणीतरी म्हणतो, “गुरुजी, एक सुरी पाहिजे हो!” मग बाजारातून एखादी लखलखीत, हातभर लांब, पाठीला करवतीचे दात असलेली आणि पोकळ मुठीत काडेपेटी ठेवता येईल अशी सुरी येते. दुसऱ्याच दिवशी तिची मूठ निखळते. सुरी निवडताना काय पाहावे, एवढ्याचाच आज विचार करू.

पहिली गोष्ट अशी, की रोज रानात जाणाऱ्या माणसाचे हत्यार पाहावे. आपल्या कोकणातला गडी कमरेच्या आकडीत कोयता अडकवून निघतो. दूर स्वीडन देशात मोरा नावाचे गाव लाकडी मुठीच्या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या नेहमीच्या सुरीचे पाते जेमतेम ४ इंचांचे असते. दोन्ही हत्यारे साधी. करवत नाही की नक्षी नाही. कारण उघड आहे. मुक्कामावर सुरीचे काम काय? दोर कापणे, भाजी चिरणे, काठी तासणे आणि चूल पेटवायला कोरड्या लाकडाच्या बारीक ढलप्या काढणे. याला ४ ते ५ इंचांचे, पाठीला २ ते ३ मिलिमीटर जाड असे पाते पुरते. लांब पाते हातात वळत नाही आणि बोटावर मात्र चटकन येते. जाड लाकूड तोडायचे असेल तर ते कोयत्याचे काम. सुरीकडून ते करून घेऊ नये.

आता पोलादाकडे वळू. बाजारात दोन जाती मिळतात. एक साधे कार्बनचे पोलाद. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद याच जातीचे. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक असतो. आपले लोहार त्याचेच कोयते घडवतात. याला धार लवकर लागते, पण गंजही लवकर चढतो. दुसरे स्टेनलेस. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते, म्हणून ते सहजी गंजत नाही. समुद्रकाठी आणि पावसाळ्यात त्याचा उपयोग चांगला. मात्र हलक्या प्रतीच्या स्टेनलेसची धार टिकत नाही. चकाकी पाहून प्रत कळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

खरी परीक्षा आहे ती पाण्याची. लोहार पाते लालबुंद करून पाण्यात किंवा तेलात बुडवतो, त्याला आपण ‘पाणी पाजणे’ म्हणतो. त्याने पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवावे लागते. घासून उजळ केलेल्या पात्यावर गवती पिवळा रंग चढला की सुरीला ते पुरेसे असते. कोयत्याला घाव सोसायचे असतात, म्हणून तो थोडा पुढे, जांभळ्या रंगापर्यंत नेतात. घेताना दुकानदाराला विचारून धारेच्या मुळाशी कानस हलकेच फिरवून पाहावी. कानस घसरली किंवा जेमतेम धरली तर पाणी ठीक बसले आहे. सहज ओरबाडत गेली तर पोलाद कच्चे समजावे. पुढे धार लावतानाही जपावे. यंत्राच्या चाकावर पाते तापून निळे पडले, की त्या जागेचे पाणी उतरलेच! घरच्या निसण्यावर, पाणी शिंपडत सावकाश लावलेली धार उत्तम.

तिसरी गोष्ट मूठ. पात्याचे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेले असावे आणि खिळ्यांनी पक्के बसवलेले असावे. पोकळ मुठीत ते फार आत जात नाही, म्हणूनच ती सुरी जोर लावताच निखळते. मूठ ओल्या हातातही घसरू नये. मिटणारी सुरी खिशाला सोयीची, पण तिचे पाते उघडल्यावर कुलपासारखे अडकले पाहिजे. नाहीतर जोर देताच ते बोटांवर मिटते. शिबिराला न मिटणारी, घट्ट म्यान असलेली सुरी बरी.

शिक्षकांनी कायद्याचेही भान ठेवावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत, घरकामाची व शेतीची हत्यारे वगळता, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोजल्या जातात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीवाचून हत्यार नेता येत नाही, आणि त्या कायद्याने सुरीसुद्धा हत्यारच ठरते. कळसूबाई व हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्यात येतो. तिकडे जाताना वनखात्याला आधी विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. साप चावला तर जखमेवर चीर द्यावी, हा समज अजून गावोगाव आहे. तो घातक आहे. चिरेतून विष बाहेर येत नाही. उलट फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते, आणि आपणच केलेली जखम वाहत राहते. तेव्हा सुरी जखमेपासून दूर ठेवा. रक्त तोंडाने ओढू नका, दोरीने घट्ट आवळू नका. सुरीने एक सरळ काठी तासा, कापडाच्या पट्ट्या कापा, आणि चावलेला हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून हलणार नाही असा करा. रोग्याला चालवू नका. धीर द्या आणि सर्पदंशावरचे इंजेक्शन जिथे मिळते अशा जवळच्या दवाखान्यात उचलून न्या. सुरीने जीव वाचतो तो असा.

मुलांना चार नियम घालून द्यावेत. बसून कापावे, मांडीवर ठेवून कापू नये. धार अंगापासून दूर न्यावी. दुसऱ्याला देताना मूठ पुढे करावी. काम संपताच सुरी म्यानात घालावी. एका तुकडीला एकच सुरी पुरे, आणि ती गुरुजींच्या हिशेबात असावी. परतल्यावर ती धुऊन, कोरडी करून, तेलाचा हात फिरवून ठेवावी. पावसाळ्यात चामडी म्यानात ठेवू नये, चामडे ओल धरते. आणि पुढच्या खेपेला निघण्याआधी मूठ हलते का, ते पाहावे.