डीविट क्लिंटन : पदे, पदच्युती आणि कालवा

डीविट क्लिंटन (१७६९–१८२८) न्यूयॉर्क राज्याच्या राजकारणात तीस वर्षे वावरले. दोनदा गव्हर्नर झाले, शहराचे महापौर राहिले, एकदा राष्ट्राध्यक्षपदाच्या अगदी जवळ पोहोचले. घराणेच सत्तेतले होते. वडील जेम्स क्लिंटन स्वातंत्र्ययुद्धातले सेनानी, तर काका जॉर्ज क्लिंटन हे राज्याचे पहिले गव्हर्नर. कोलंबिया कॉलेजातून १७८६ मध्ये पदवी घेतल्यावर डीविट काकांचे सचिव झाले आणि राजकारणाचे पहिले धडे त्यांनी गव्हर्नरच्या कचेरीतच घेतले.

त्या काळचे न्यूयॉर्क समजून घ्यायचे तर तिथले नियुक्ती मंडळ आधी पाहावे लागते. गव्हर्नर आणि चार सिनेटर एवढ्यांच्या या मंडळाकडे न्यायाधीशांपासून महापौरांपर्यंत हजारो नेमणुका होत्या. नावे सुचवण्याचा अधिकार एकट्या गव्हर्नरचा, असे गव्हर्नर जॉन जे यांचे म्हणणे. १८०१ मध्ये मंडळाचे सदस्य असलेल्या क्लिंटन यांनी ते मानले नाही. वाद मिटवायला खास परिषद भरली आणि तिने प्रत्येक सदस्याला तो अधिकार दिला. मग फेडरलिस्ट पक्षाच्या अधिकाऱ्यांना हटवून आपली माणसे बसवण्याचा सपाटाच सुरू झाला. क्लिंटन यांच्या कारकिर्दीतला हा डाग पुढच्या कर्तृत्वाने पुसला जात नाही. शिवाय हेच हत्यार पुढे त्यांच्यावर उलटले.

१८०२ मध्ये ते अमेरिकी सिनेटवर गेले, पण पुढच्याच वर्षी राजीनामा देऊन न्यूयॉर्कचे महापौर झाले. हे पद तेव्हा नियुक्ती मंडळाच्या हाती होते. मंडळ फिरले की महापौर फिरे. १८०७, १८१० आणि १८१५ अशी तीनदा क्लिंटन यांची खुर्ची गेली. गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढणाऱ्या संस्थेच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला, तो याच काळात.

१८१२ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत फेडरलिस्टांच्या पाठिंब्यावर ते स्वपक्षाच्याच राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्यासमोर उभे ठाकले आणि १२८ विरुद्ध ८९ मतांनी हरले. पेनसिल्व्हेनियाची २५ मते फिरली असती, तर निकाल उलटा लागला असता. स्वपक्षीयांनी मात्र हे बंड कधीच माफ केले नाही.

१८१५ मध्ये पद गेले तेव्हा हाती उरले कालव्याचे काम. हडसन नदी ईरी सरोवराला जोडण्याच्या योजनेचे ते १८१० पासून आयुक्त होते. केंद्राकडून पैसा मिळेना. मार्च १८१७ मध्ये मॅडिसन यांनी अंतर्गत बांधकामांच्या निधीचे विधेयकच फेटाळले. तेव्हा राज्याने मीठ आणि लिलावांवरचे कर तारण ठेवून कर्जरोखे काढायचे ठरवले. क्लिंटन १ जुलैला गव्हर्नर झाले आणि ४ जुलैला रोम गावाजवळ खोदाई सुरू झाली. त्या वेळी देशात प्रशिक्षित अभियंते जवळपास नव्हतेच. बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस हे जमीन मोजणारे लोक काम करता करता कालवाबांधणी शिकले.

विरोधकांची फळी मार्टिन व्हॅन ब्युरेन यांनी बांधली होती. १८२१ च्या घटना परिषदेने नियुक्ती मंडळ मोडीत काढले आणि गव्हर्नरची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आणली. क्लिंटन १८२२ ला निवडणुकीला उभेच राहिले नाहीत. त्यांचे राजकारण संपल्यात जमा होते. पण एप्रिल १८२४ मध्ये, अधिवेशन संपता संपता, विरोधकांनी घाईघाईने ठराव करून त्यांना कालवा आयोगावरूनही काढले. हे पद बिनपगारी होते, काम शेवटाला आले होते. एवढा कोतेपणा लोकांना सहन झाला नाही. ठिकठिकाणी निषेधसभा झाल्या आणि नोव्हेंबरात क्लिंटन सुमारे १६ हजारांच्या मताधिक्याने पुन्हा गव्हर्नर झाले.

२६ ऑक्टोबर १८२५ रोजी ‘सेनेका चीफ’ ही नाव त्यांना घेऊन बफेलोहून निघाली. ३६३ मैल लांब, ४० फूट रुंद आणि अवघा ४ फूट खोल कालवा. वाटेत नावा वरखाली करणारे ८३ जलपाश. ४ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या समुद्रात क्लिंटन यांनी ईरीच्या पाण्याचे पिंप रिकामे केले. बफेलो ते न्यूयॉर्क टनामागे सुमारे १०० डॉलर पडणारे भाडे १० डॉलरच्या आसपास आले. गव्हर्नरपदी असतानाच ११ फेब्रुवारी १८२८ रोजी आल्बनीत क्लिंटन यांचे निधन झाले. मागे कर्ज होते. विधिमंडळाने अज्ञान मुलांसाठी १० हजार डॉलर मंजूर केले. उरलेली मुदत नायब गव्हर्नर नॅथॅनिएल पिचर यांनी सांभाळली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत व्हॅन ब्युरेन गव्हर्नर म्हणून निवडून आले.