सदऱ्यावरील माकड

२०१८ च्या जानेवारीत एच अँड एम या स्वीडिश वस्त्रकंपनीच्या ब्रिटनमधील संकेतस्थळावर एका कृष्णवर्णीय बालकाचे छायाचित्र झळकले. त्याच्या अंगातील हिरव्या, टोपी जोडलेल्या सदऱ्यावर ‘जंगलातील सर्वांत झकास माकड’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. जंगलात तग धरून राहण्यात निष्णात, असे दुसऱ्या एका सदऱ्यावर लिहिले होते. तो मात्र गौरवर्णीय मुलाने घातला होता!

आपल्याकडे आई लेकराला लाडाने माकड म्हणते आणि त्यात कोणालाच वावगे वाटत नाही. मग येथेच एवढा क्षोभ का व्हावा? याचे कारण असे की, युरोप-अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या माणसाला माकड म्हणणे ही केवळ शिवी नव्हती; त्याला मनुष्यकोटीबाहेर ठेवण्याची ती एक रीतच होती. १९०६ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा या काँगोतील तरुणाला माकडांच्या दालनात प्रेक्षकांपुढे ठेवण्यात आले. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी तीव्र निषेध केला, तेव्हा कोठे ते प्रदर्शन थांबले.

कंपनीने क्षमा मागून सदरा मागे घेतला. द वीकेंड या गायकाने तिच्याशी संबंध तोडले. दक्षिण आफ्रिकेत निदर्शकांनी तिच्या दुकानांची मोडतोड केली, जिचे समर्थन करता येणार नाही. कोणाच्या मनात द्वेष नव्हता, हे मान्य करू. तरीही ते चित्र प्रसिद्ध होण्यापूर्वी अनेकांच्या नजरेखालून गेले असणार, आणि कोणीही ते थांबविले नाही. पुढे कंपनीने वैविध्याच्या प्रश्नांकरिता स्वतंत्र अधिकाऱ्याची नेमणूक केली.