ढोली वाचली तर पोपट वाचेल

मंडळी, घाणेवाडीच्या तलावावर आपण पाणपक्षी मोजतो. पोपट मात्र राहून जातात. ज्वारीच्या कणसांवर उतरतो तो थवा बहुधा साध्या पोपटांचा, त्यांना धोका नाही. धोका आहे पहाडी पोपटाला: अंगाने मोठा, पंखावर खांद्यापाशी लाल पट्टा. जागतिक लाल यादीत तो ‘संकटसमीप’ आहे. कारणं दोन. ढोलीतली पिल्लं काढून विकतात, आणि ढोलीची जुनी झाडंच तोडली जातात. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, तरी पिंजरे दिसतातच. म्हणून या हिवाळ्यात आपण आंबा, वड, लिंब अशा ढोलीच्या झाडांची नोंद करू. जोडी आत जाते का, ते लांबूनच पाहू. ठिकाण मात्र कुणाला सांगायचं नाही. आपली यादी चोरालाही उपयोगी पडते.