पक्षाघातानंतरची स्मृती आणि सौम्य विद्युत उद्दीपन

पक्षाघात म्हटले की लुळा पडलेला हात डोळ्यांसमोर येतो. स्मृतीवरचा घाव मात्र बऱ्याचदा घरी परतल्यावर कळतो. सकाळची गोळी घेतली की नाही, हेच रुग्णाला आठवत नाही.

मेंदूचा मृत भाग पुन्हा वाढत नाही. उरलेला मेंदू आपली मांडणी बदलू शकतो. मानेसर (हरियाणा) येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नीरज जैन यांच्या गटाने मेरुरज्जूला इजा झालेल्या माकडांत असा बदल अभ्यासला. हाताकडून येणारे संदेश तुटल्यावर काही काळाने मेंदूतील हाताचा भाग चेहऱ्याच्या स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागतो. या लवचिकतेला दिशा देता येईल का, हा विद्युत उद्दीपनामागचा प्रश्न आहे.

मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजचे दोन इलेक्ट्रोड डोक्यावर बसवून १ ते २ मिलिअँपिअरचा एकदिश प्रवाह सुमारे २० मिनिटे सोडतात. कार्यस्मृतीसाठी धनाग्र बहुधा डावीकडे, कपाळाच्या जरा वर असते. (घरी बॅटरी जोडून हे करू नये, त्वचा भाजते.) एवढा प्रवाह चेतापेशींना स्वतः उत्तेजित करत नाही, फक्त त्यांचा उंबरठा किंचित सरकवतो. म्हणून यंत्र लावून रुग्णाला नुसते बसवण्यात हशील नाही. जोडीला स्मृतीचा सराव हवा.

अडचण प्रवाहाच्या वाटेची आहे. त्याचा बराचसा भाग डोक्याच्या त्वचेतूनच निघून जातो. शिवाय पक्षाघाताने पडलेल्या पोकळीत मस्तिष्क-मेरुद्रव भरतो. तो विजेचा उत्तम वाहक असल्याने प्रवाहाची वाट बदलते. इलेक्ट्रोड त्याच जागी असूनही दोन रुग्णांत परिणाम वेगळा होऊ शकतो, आणि चाचण्यांचे निष्कर्षही एकसारखे आलेले नाहीत. त्यामुळे काही संशोधक आधी रुग्णाच्या एमआरआयवरून संगणकावर प्रवाहाचा मार्ग काढतात, मग इलेक्ट्रोडची जागा ठरवतात.