चित्रांची खूण : सादृश्य आणि तादात्म्य

जुन्या कागदांचीं छायाचित्रें संगणकांत सांठविण्याचा प्रघात पडल्यापासून एकाच कागदाच्या चार चार प्रती, एक लहान केलेली तर दुसरी उजळलेली, संग्रहांत शिरतात. त्या हुडकण्यास ‘पर्सेप्च्युअल हॅशिंग’ नांवाची युक्ति योजितात. ती कोठवर विश्वासार्ह आहे हें संशोधकांस ठाऊक असावें, म्हणून हें टिपण.

एसएचए-२५६ सारखी नेहमींची हॅश फाइलींतील प्रत्येक बिटावरून २५६ अंकांची खूण काढते; एक बिट पालटला तरी खुणेंतील सुमारें निम्मे अंक पालटतात. मूळ फाइलींत फेरफार झाला कीं काय हें तीवरून कळतें. परंतु तेंच चित्र लहान करून ठेविलें कीं तिला तें परकें होतें. पर्सेप्च्युअल हॅश, उलटपक्षीं, डोळ्यास जें दिसतें त्याची खूण घेते. तिचा सर्वांत सोपा प्रकार असा : चित्राचे रंग काढून तें ८ × ८ अशा ६४ घरांत आणावें, सर्व घरांच्या उजेडाची सरासरी काढावी, आणि सरासरीहून उजळ घरास १, इतरांस ० लिहावें. मग दोन खुणांत किती जागीं अंक भिन्न आहेत तें मोजावें. हें ‘हॅमिंग अंतर’ थोडें असल्यास चित्र बहुधा एकच. बालकांच्या लैंगिक शोषणाचीं ज्ञात चित्रें हुडकणारी, २००९ सालीं निघालेली फोटोडीएनए ही योजना याच जातीची आहे.

मीं हा सोपा प्रकार जवळच्या मोडी पत्रांच्या छायाचित्रांवर चालविला. दोन पत्रांतील अंतर अवघें ३ निघालें व एक ‘दुबार’ म्हणून मीं बाजूस काढलेंहि. वाचूं लागलों तों एकांत हुंडीचा मजकूर, दुसऱ्यांत विहिरीचा तंटा! दोहोंत वर कोरी जागा, डावीकडे समास, खालीं दाट ओळी. ६४ घरांत मिति आणि नांव कोठून उरणार? नैयायिक ‘तोच हा देवदत्त’ ही प्रत्यभिज्ञा आणि ‘गाईसारखा गवय’ हें सादृश्यज्ञान वेगळीं मानतात. यंत्र दुसरें देतें; आपण तें पहिलें समजतों.

शिवाय असें सादृश्य मुद्दाम घडवितांहि येतें. ॲपलनें ऑगस्ट २०२१ मध्यें न्यूरलहॅश पद्धति जाहीर केली, आणि त्याच महिन्यांत एकच खूण असलेलीं भिन्न चित्रें लोकांनीं करून दाखविलीं.

विहिरीचें पत्र मीं पुन्हां यादींत घातलें आहे. त्याची मिति अद्याप लागावयाची आहे.