इलेक्ट्रॉन उडाला, चष्मा उतरला!

अंबड-सातपूरला लेझरनं पत्रा कापताना पाहिलाय? ठिणग्या उडतात, धातू वितळतो. म्हणूनच डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘लेझर’ म्हटलं की पोटात गोळा येतो. लग्न ठरलंय, चष्मा नकोय, पण डोळा भाजला तर?

रिलॅक्स! ‘ब्लेडलेस’ लॅसिकमधला फेम्टोसेकंद लेझर भाजून कापत नाही. तो अणू-रेणूंमधले इलेक्ट्रॉनच उपटतो. फिजिक्सवाले याला आयनीभवन म्हणतात.

फंडा असा. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. ८०० नॅनोमीटरच्या लेझरमधल्या एका फोटॉनकडे असते जेमतेम दीड. एकट्याची डाळ शिजत नाही! पण प्रकाश प्रचंड तीव्र केला, की नऊ-नऊ फोटॉन एकदम तुटून पडतात आणि इलेक्ट्रॉन सुटतो. आणखी तीव्र केला, तर प्रकाशाचं विद्युतक्षेत्र अणूचं कुंपणच वाकवतं आणि इलेक्ट्रॉन त्यातून निसटतो. ही एकाच प्रक्रियेची दोन रूपं, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ केल्डिश यांनी १९६४ मध्ये मांडलं.

एवढी तीव्रता येते वेळ आखडून. सेकंदाचे दहा लाख अब्ज तुकडे करा, त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. ऊर्जा थोडीच, पण इतक्या कमी वेळात कोंबलेली. असे जबरदस्त स्पंद बनवण्याची युक्ती डॉना स्ट्रिकलँड आणि जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये काढली. नोबेल मिळालं थेट २०१८ मध्ये. मधल्या काळात, १९९३ मध्ये, मुरूंच्या मिशिगनच्या लॅबमध्ये एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून किरण गेला. जखम इतकी बारीक आणि नेटकी, की तपासणारे डॉक्टर रॉन कुर्ट्झ चाटच पडले. या शस्त्रक्रियेची सुरुवात तिथली.

आपल्याकडेही हे काम जोरात झालंय. पंचवटी पकडून मुंबई गाठा, कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिथे दीपक माथुर यांनी तीव्र प्रकाशात रेणू कसे फुटतात, ते अभ्यासलं. बरेच इलेक्ट्रॉन गेले की उरलेले धन तुकडे एकमेकांना ढकलतात आणि रेणूचा स्फोट होतो. तिथलेच जी. रवींद्र कुमार अतितीव्र लेझरनं पदार्थाचा प्लाझ्मा करून पाहतात. त्यांना २००३ मध्ये भटनागर, २०१५ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

डोळ्यात प्लाझ्मा होतो तो फक्त किरण एकवटतो त्या ठिपक्यापुरता. कॉर्नियाच्या आत सूक्ष्म बुडबुडे उठतात, ते शेजारी शेजारी आले की पातळ पापुद्रा सुटतो. नंबर मात्र त्यानंतर दुसराच लेझर घालवतो, अतिनील किरणांचा एक्सायमर. (‘स्माइल’ पद्धतीत सगळं काम फेम्टोसेकंदच करतो.) तेव्हा कॉलेज रोडवरच्या ब्रोशरमधल्या ‘ब्लेडलेस’वर भाळण्याआधी विचारा: पद्धत नेमकी कुठली? माझ्या कॉर्नियाची जाडी पुरेशी आहे? नंबर वर्षभर स्थिर आहे का? आणि हो, तपासणीच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस, तेही फोनवरच विचारून घ्या, म्हणजे खेप फुकट जाणार नाही.